पहाटेच्या घाटावर फोटो हलतात ते नेमके कशाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरला पंचगंगा घाटावर दीपोत्सवाला गेलात, हातात कॅनन १५००डी कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स (किट लेन्स) आणि नंतर घेतलेली ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त घेते). दोनशेच्या आसपास फोटो काढले, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळे छान वाटले, घरी कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले तर तीन-चार सोडून बाकी सगळे हललेले. गर्दीत ट्रायपॉड लावता येत नाही, फ्लॅश मारला की दिव्यांची मजाच जाते, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, वाढवला की दाणे येतात, म्हणून आता मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा घ्यायच्या विचारात आहात आणि विचारताय की घेऊ का.

नव्या कॅमेरा बॉडीचं शेवटी बोलू. मी गेली वीसेक वर्षं नाटकं, कीर्तनं, लग्नातली रात्रीची कामं करतोय आणि हा घाटही बऱ्याच पहाटे पायाखालून गेलाय, त्यामुळे तुमची अडचण चांगलीच माहितीये. एक सांगून ठेवतो, तुमचे फोटो मी बघितलेले नाहीत, आणि घाटावरचा उजेड दर दहा फुटांवर बदलतो. जिथे पणत्यांची दाटी आहे तिथलं गणित वेगळं, चार पायऱ्या वर रांग विरळ झाली की वेगळं, वर मोठा हॅलोजन लावला असेल तर अजून वेगळं. म्हणून खाली जे आकडे देतोय ते सुरुवात करायला म्हणून घ्या, ते तसेच्या तसे सेट करून बसू नका.

आता मूळ गोष्ट. आपण "फोटो हलला" म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात तीन वेगवेगळे आजार असतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे. एक म्हणजे तुमचा हात हलला. दुसरा म्हणजे समोरचा माणूस हलला. तिसरा म्हणजे कोणीच हललं नाही, फोकस भलतीकडे बसला. हे ओळखल्याशिवाय कितीही महाग कॅमेरा घेतला तरी तेच होणार.

आणि तुमच्याकडे हे ओळखायची फार सोपी सोय आहे, कारण तुमच्या प्रत्येक फोटोत पणत्या आहेत. फोटो शंभर टक्के मोठा करा आणि लांबच्या बारीक ज्योतींकडे बघा. प्रत्येक ज्योतीची सारखीच शेपटी निघाली असेल, म्हणजे सगळ्या ज्योती मिळून एकाच दिशेला छोटासा आकडा काढतायत, कुठे स्वल्पविरामासारखा, कुठे उलट्या सातासारखा, पण सगळीकडे तोच, तर तो तुमचा हात. तो आकडा म्हणजे शटर उघडं असताना तुमचा कॅमेरा जसा फिरला त्याची सहीच असते. ज्योती आणि पायऱ्यांचे दगड कडक आलेत पण पणती ठेवणाऱ्या बाईचा हात, पदर, पोराचं तोंड पुसल्यासारखं झालंय, तर माणूस हलला. आणि ज्योतींच्या गोल गोल चकत्या झाल्यात, शेपटी बिपटी काही नाही, आणि नीट शोधलं तर मागचा कोणाचा तरी स्वेटर किंवा पुढची पायरी एकदम स्पष्ट दिसतेय, तर फोकस चुकला. तुमचे दोनशेच्या दोनशे काढून या तीन ढिगांत टाका, तासाभराचं काम आहे. माझा अंदाज, किट लेन्सचे बरेचसे पहिल्या दोन ढिगांत जातील आणि ५० एमएमचे बरेचसे तिसऱ्यात.

पहिला ढीग, हात. जुना ठोकताळा आहे की शटर स्पीड, म्हणजे शटर किती सेकंद उघडं राहतं तो आकडा, निदान एक भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा एमएमचा आकडा) ठेवायचा. हा फिल्मच्या काळातला, ३५ एमएम फिल्मसाठीचा आहे. १५००डीचा सेन्सर त्याच्यापेक्षा लहान, म्हणून कॅननला १.६ ने गुणायचं. ५० गुणिले १.६ म्हणजे ८०, तर ५० एमएमला १/८० च्या खाली जायचं नाही. पण हा ठोकताळा झाला तेव्हा लोक पोस्टकार्डाएवढा प्रिंट हातात धरून बघायचे, आपण आता २४ मेगापिक्सेल शंभर टक्क्यांवर नाक लावून बघतो, म्हणून मी त्याच्याही थोडं वर, १/१२५ धरतो. १८ एमएमला तोच हिशोब १/३० येतो, आणि किट लेन्सवर आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल, म्हणजे लेन्सवर तसं बटण दिसेल, तर १/१५ किंवा १/१० लाही दगड-पणत्या कडक येऊ शकतात. ५० एमएम १.८ वर आयएस नाही हे लक्षात ठेवा. आणि आयएस चालू असला तरी फोटो काढायचं बटण अर्धं दाबून अर्धा सेकंद थांबायचं, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर झालेलं दिसतं, मग पूर्ण दाबायचं. घाईत एकदम दाबलं तर आयएस स्थिरावायच्या आधीच फोटो निघतो.

हाताचं म्हणाल तर मागच्या स्क्रीनवर बघत हात लांब करून फोटो काढणं अंधारात बंद करा. व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावला की कॅमेरा दोन हात आणि कपाळ अशा तीन ठिकाणी टेकतो. डावा तळवा लेन्सच्या खालून, भाकरी हातावर घेतो तसा, बोटांनी बाजूने चिमटीत पकडायचं नाही. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून. पाय थोडे फाकवून. श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि बटण टचकन दाबायचं नाही, बोटाचं पेर त्याच्यावर लोळवायचं. घाटावर तर टेकायला काय कमी आहे, दीपमाळेचा चौथरा आहे, देवळाची भिंत आहे, पायरीवर बसून कोपर गुडघ्यावर टेकवता येतं. कोपर नेमकं गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका, हाडावर हाड घसरतं, वाटीच्या जरा वर मांडीवर टेकवा.

गर्दीत ट्रायपॉड चालत नाही तिथे मी एक दोरी वापरतो. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची बोल्ट मिळतो, कॅमेऱ्याच्या खाली ट्रायपॉडचं भोक असतं त्यात तो बसतो. बोल्टला पाच-साडेपाच फूट सुतळी बांधायची, दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा डोळ्याला लावून दोरी वर ताणून धरायची. वर-खाली होणारा हात त्या ताणाने बराच शांत होतो. बोल्ट आखूड घ्या आणि दोन-तीन आट्यांपेक्षा जास्त जोर करून पिळू नका, ते भोक जेमतेम पाच मिलीमीटर खोल असतं, लांब बोल्ट आत रेटला तर कॅमेऱ्याचा तळ फुटतो. खर्च एका वडापावचा आणि खिशात मावतं.

अजून एक, एका जागी तीन-चार फोटो सलग घ्या. १५००डी सेकंदाला तीनच काढतो पण तेवढं पुरतं. पहिल्या फोटोत बटण दाबल्याचा धक्का असतो, शेवटच्यात बोट उचलल्याचा, मधला बहुतेक वेळा सगळ्यात स्थिर येतो. नाटकाचे फोटो काढताना मी कितीतरी वर्षं हेच करतोय.

दुसरा ढीग, माणसं. इथे दोरी, चौथरा, आयएस काही कामाचं नाही, कारण तुम्ही पुतळ्यासारखे उभे राहिलात तरी समोरची बाई हलणारच. इथे फक्त शटर आणि वेळ. शांत बसलेल्या माणसाला १/६० चालतं, पणती ठेवणाऱ्या हाताला १/१२५ तरी हवं, पळणाऱ्या पोराला १/२५० सुद्धा कमी पडतं आणि त्या उजेडात एवढं मिळणार नाही, तर तो फोटो सोडून द्या, खरंच सोडून द्या. गोव्यात साखळीला याच पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, तिथेही हाच पेच, होडी हलते आणि किनारा स्थिर, तेव्हा आधी ठरवायचं कशाला कडक ठेवायचंय.

पण वेळ साधणं याच्याबद्दल जरा जास्त बोलतो कारण लोक इकडे लक्षच देत नाहीत. माणूस सतत एकाच वेगाने हलत नाही. बाई पणती पायरीवर टेकवते, वात सारखी करते, आणि हात मागे घ्यायच्या आधी क्षणभर ज्योत धरतेय का ते बघत थांबते. त्या अर्ध्या सेकंदात तिचा हात, मान, डोळे सगळं स्थिर असतं, आणि नेमका तेव्हाच चेहरा ज्योतीच्या सगळ्यात जवळ असतो. तिच्या आधीच्या दोन पणत्या नुसत्या बघा, फोटो काढू नका, तिसऱ्या पणतीला तुम्हाला आपोआप कळतं ती कधी थांबणार. नाटकात पण तेच, नट वाक्य संपवून थांबतो तेव्हा १/६० ला सुद्धा कडक येतो आणि वाक्याच्या मध्यात १/२०० ला पण ओठ पुसतात.

चेहरा ज्योतीच्या जवळ, याचा हिशोब पण बघा. एकच दिवा धरला तर चेहरा एका फुटावरून दोन फुटांवर गेला की त्याच्यावर पडणारा उजेड निम्मा नाही होत, पाव होतो. पाव म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). म्हणजे १/१२५ चं थेट १/३० झालं, किंवा आयएसओ १६०० चं ६४०० झालं. बॉडी बदलून जे मिळत नाही ते वाकलेला माणूस निवडून मिळतं. मी घाटावर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त हेच शोधतो, कोण कुठे वाकून दिवे लावतंय आणि त्याच्या तोंडावर उजेड कुठल्या बाजूने येतोय, आणि मग मी त्या बाजूला जाऊन बसतो.

तिसरा ढीग, फोकस, आणि इथे ५० एमएम लोकांना रडवते. १.८ वर, दोन मीटरवरच्या माणसाला, तुमच्या कॅमेऱ्यावर स्पष्ट दिसणारी जाडी सगळी मिळून दहा-अकरा सेंटीमीटर येते. एक मीटरवर गेलात तर अडीच-तीन सेंटीमीटर, म्हणजे डोळा स्पष्ट आणि कान गेला. आता तुम्ही मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस केला, मग फ्रेम सुधारायला कॅमेरा बाजूला वळवला आणि त्या नादात पाच सेंटीमीटर पुढे झुकलात, संपलं. हात हलला नाही, माणूस हलला नाही, तरी फोटो मऊ.

१५००डीला नऊ फोकस पॉइंट आहेत आणि त्यातला मधला एकच क्रॉस टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही कडा पकडणारा आहे, अंधारात तोच भरवशाचा. बाकीचे बंद करून तोच ठेवा. फोकस काळ्या केसांवर किंवा गालावर धरू नका, तिथे त्याला पकडायला काही मिळत नाही आणि लेन्स पुढे-मागे घरघरत बसते. चेहऱ्याएवढ्याच अंतरावरची उजेड-अंधाराची कड शोधा, साडीचा काठ, कपाळावरची टिकली, चष्म्याची दांडी. फ्रेम थोडी सैल घ्या म्हणजे कॅमेरा वळवायची गरजच कमी पडते, नंतर कापता येतं, २४ मेगापिक्सेल त्यासाठीच आहेत. आणि १.८ ऐवजी २ किंवा २.२ वर ठेवा, उजेड थोडाच जातो पण लेन्स जास्त कडक होते आणि जाडी पण जराशी वाढते. माणूस नसेल, नुसत्या पणत्यांच्या रांगा असतील, तर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, चित्र दहापट मोठं करून हाताने फोकस लावा, यासारखं खात्रीचं काही नाही.

आता शटर वाढवायचा म्हणजे उजेड आणायचा कुठून. लोक लगेच आयएसओ म्हणतात, पण त्याच्या आधी एक फुकटचा स्टॉप पडलेला असतो आणि तो जवळजवळ सगळेच वाया घालवतात. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला रात्र कळत नाही. काळोखाची फ्रेम दिसली की तो ती राखाडी करायला बघतो, म्हणजे पहाटेच्या घाटाला संध्याकाळच्या पाच वाजताचा उजेड द्यायला बघतो, आणि त्यासाठी शटर १/१५ पर्यंत ओढून नेतो. तुमचे फोटो हललेले आहेतच, पण ते गरजेपेक्षा उजळ पण असणार, बघा आठवून, ज्योती पांढऱ्याफटक आणि आकाश कळकट राखाडी. रात्र फोटोत रात्रच दिसली पाहिजे. मीटरपेक्षा एक ते दीड स्टॉप खाली काढा, फोटो पण खरा दिसतो, ज्योतीचा पिवळा रंग पण टिकतो, आणि शटर १/१५ चा १/३० ते १/४० होतो, काही न विकत घेता.

मी काय करतो सांगतो. एम मोड (सगळे आकडे आपणच ठरवायचे), ५० एमएम, एफ २, १/१२५, आयएसओ ३२००, आणि दाटीच्या पणत्यांजवळच्या चेहऱ्यावर एक फोटो. मीटरची सुई शून्याच्या एक-दीड खाली असेल तर तसंच राहू देतो. चेहरा अगदीच बुडाला तर आयएसओ ६४००. मग त्या जागी आहे तोपर्यंत काही बदलत नाही, कारण पणत्यांचा उजेड मिनिटामिनिटाला बदलत नाही, बदलतं ते फक्त मीटरचं मत, फ्रेममध्ये काळं जास्त आलं की एक आणि ज्योती जास्त आल्या की दुसरं. हिरव्या ऑटोवर तर अजिबात ठेवू नका, तिथे फ्लॅश आपणहून वर येतो.

तुलनेसाठी, तोच चेहरा किट लेन्सने ५५ एमएमवर काढायला गेलात तर ती तिथे एफ ५.६ च देते, आणि १.८ आणि ५.६ मध्ये तीन स्टॉपहून जास्त फरक आहे, म्हणजे जिथे ५० एमएमला १.८ वर १/१२५ मिळतोय तिथे हिला जेमतेम १/१३. आयएस तुमचा हात सांभाळेल, समोरच्या बाईचा नाही सांभाळणार. म्हणून माणसं ५० एमएमने, आणि अख्खा घाट किट लेन्सने १८ एमएमवर, अशी सरळ वाटणी करा.

दाण्यांची भीती मात्र मनातून काढा. दाणेदार फोटो बघता येतो, हललेला येत नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढा, आयएसओ कमी ठेवून नंतर कॉम्प्युटरवर उजळायला गेलात तर सावलीत त्याच्यापेक्षा घाण दाणे वर येतात. फोटो सुधारायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून दाणे साफ करणारं जे डीनॉइज आलंय ते ६४०० च्या रॉ फाइल्स खूपच चांगल्या साफ करतं, फक्त फार जोरात लावू नका, चेहऱ्याचं मेण होतं. जेपेगच काढत असाल तर कॅमेऱ्यातलं हाय आयएसओ नॉइज रिडक्शन कमीवर ठेवा, ते पण केस आणि कापडाचं पोत पुसतं, आणि ते पुसलेलं लोकांना हललेलं वाटतं.

बारीकसारीक दोन गोष्टी. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर घाटावर काढून खिशात टाका, प्रत्येक पणतीचं एक हिरवट भूत फोटोत उलट्या बाजूला उमटतं ते त्याच्यामुळे. आणि वर एलईडी किंवा ट्यूब लावलेल्या भागात फोटोवर आडवे पट्टे आले तर घाबरू नका, आपली वीज ५० हर्ट्झची, ते दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, शटर १/१०० किंवा १/५० वर आणलात की पट्टे जातात.

वेळेचं पण सांगतो. तुम्ही बहुतेक काळोखातच सगळे फोटो काढून परत फिरला असणार, सगळेच तसं करतात, दिवे लागले की गर्दी, अर्ध्या तासात परत. सूर्योदयाच्या आधी साधारण चाळीस ते वीस मिनिटं आकाश गडद निळं होतं, तो उजेड पाण्यावर पडतो, देवळांच्या कडा दिसायला लागतात आणि पणत्या अजून तेवत असतात. तेव्हा १८ एमएम, एफ ३.५, १/१०, आयएसओ १६००, चौथऱ्याला टेकून, आयएस चालू, आणि दर मिनिटाला आकाश उजळतं तसं शटर वाढवत न्यायचं. तोपर्यंत बऱ्याच पणत्या विझलेल्या असतात हे खरं, पण ज्या राहतात त्या निळ्यावर अशा काही उठून दिसतात की तेवढ्यासाठी पहाटे तीनला उठावं.

मोबाइलबद्दल खाली कोणीतरी विचारेलच. मोबाइलचा नाइट मोड एकामागून एक बरेच फोटो घेऊन ते एकावर एक जुळवतो, म्हणून दगड, पाणी, रांगा यांना उत्तम, आणि हलत्या माणसांना तेवढाच धोक्याचा. लेन्स रुमालाने पुसून घ्या, तेलाचा हात लागला असेल तर प्रत्येक ज्योतीला लांब पट्टा फुटतो.

आता फुल फ्रेम. तुमच्या सेन्सरपेक्षा त्याचं क्षेत्रफळ अडीच पट, म्हणजे त्याच लेन्स आणि शटरला फायदा ढोबळमानाने सव्वा-दीड स्टॉपचा. तो खोटा नाही, माझ्याकडे आहे आणि नाटकाला मला तो लागतो, कारण तिथे मी पुढे सरकू शकत नाही आणि नटाला वाकायला सांगू शकत नाही. पण घाटावर मीटरच्या खाली काढून एक स्टॉप, आणि ज्योतीच्या जवळचा माणूस निवडून दोन, असे तीन स्टॉप तुमच्या हातात आत्ताच आहेत. शिवाय तिसऱ्या ढिगाला फुल फ्रेम उलट त्रास देतो, माणूस फ्रेममध्ये तेवढाच मोठा घेतलात तर त्याच एफ नंबरला फोकसची जाडी अजून कमी होते. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांमधला डोळा पकडणारा फोकस हे मात्र खरंच मोठं काम आहे, तुमचा तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघाला तर त्यासाठी बॉडी बदलायचा विचार करा, आणि आधी एका दिवसासाठी भाड्याने घेऊन बघा.

तोपर्यंत घरी एक करा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, संध्याकाळी एकच दिवा लावा, ५० एमएमने उभं राहून १/१२५, १/६०, १/३०, १/१५ ला प्रत्येकी दहा फोटो काढा आणि किती फोटोंत बारीक अक्षरं वाचता येतात ते मोजा. मग तेच सगळं दोरी लावून. तुमचा स्वतःचा आकडा हा पुस्तकातल्या ठोकताळ्यापेक्षा उपयोगी, आणि तो चहा प्यायल्यावर आणि दमल्यावर बदलतो. मी अजूनही दर दिवाळीच्या आधी हे करतो.

आणि जे तीन-चार चांगले आलेत म्हणालात, त्यांचे शटर, एफ आणि आयएसओचे आकडे फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतील ते इथे टाका, शक्य असल्यास तिन्ही ढिगांतला एकेक फोटो पण, ज्योतींच्या भागाचा शंभर टक्क्यांवर कापलेला. ते बघून अजून नेमकं सांगता येईल.